पंधरा मिनिटांत निदान? थांब जरा

‘ताई, मी ३४ वर्षांची. खात्यात पैसे असून बिलं मुदत उलटल्यावर भरते. ऑफिसचा ईमेल अर्धा लिहून आठवडाभर तसाच पडतो आणि त्या धास्तीने रात्री झोप लागत नाही. मोबाइलवर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची चाचणी दिली, गुण भरपूर आले. एक ऑनलाइन सेवा पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये निदान करून औषध देते. नवरा म्हणतो, आळस झाकायचे बहाणे. काय करू?’
– विसरभोळी

विसरभोळी,

आधी नवऱ्याचं. आळशी माणसाची अर्ध्या ईमेलपायी झोप उडत नाही. पण हे त्याला पटवत बसू नकोस, त्याचं दुसरं काम आहे.

ऑनलाइन तपासणीला माझी हरकत नाही. एडीएचडी रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. निदान होतं ते खोदून खोदून विचारण्यातून, आणि ते पडद्यावरूनही होतं. दवाखान्याच्या वेळा हमखास चुकवणाऱ्यांची तर त्यात सोयच. माझा आक्षेप आहे तो पंधरा मिनिटांना.

तू दिलीस तशी चाचणी म्हणजे नुसती चाळणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतही पहिल्या टप्प्यात सहाच प्रश्न असतात. थायरॉईड, चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांतही माणूस असाच विसरतो, असाच भरकटतो. झोपेचं तर तूच लिहिलंयस. म्हणून डॉक्टरांना मागे जावं लागतं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती घरी, कामावर, किमान दोन ठिकाणी आड यावी लागतात. तेव्हा जुनी प्रगतिपुस्तकं शोध. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ असा शेरा दोन-तीन इयत्तांत सापडला तर तो डॉक्टरांना दाखव. दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलींकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्यामुळे कित्येकींना हे तिशी-चाळिशीत कळतं. आईला विचार. आणि नवऱ्याला कॉलवर शेजारी बसव. जवळच्या माणसाने पाहिलेलं डॉक्टरांना हवंच असतं. तक्रारी त्याला तोंडपाठ आहेत, तिथे सांगू दे.

आता औषध. मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजक गोळ्या बऱ्याच जणांना चांगल्या लागू पडतात, पण त्यांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. सुरू करण्याआधी या दोन्हींची आणि वजनाची नोंद हवी, हृदयविकाराची चौकशी हवी. कॅमेऱ्यातून हे मोजता येत नाही. जवळच्या दवाखान्यात मोजून आकडे कळवावे लागतात. हे न मागता गोळी लिहून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. शिवाय ही औषधं बहुतेक देशांत नियंत्रित आहेत, काही ठिकाणी ती नुसत्या ऑनलाइन भेटीवर देताच येत नाहीत. अमेरिकेत २०२४ मध्ये अशाच एका ऑनलाइन कंपनीच्या संस्थापिकेला या गोळ्या बेकायदा वाटल्याच्या आरोपावरून अटक झाली. एटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषधही आहे, फक्त गुण यायला काही आठवडे लागतात.

पैसे भरण्याआधी त्या सेवेला विचार: तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, नोंदणी क्रमांक काय? डोस कमी-जास्त करायला पुन्हा तेच भेटतील का? आणि एडीएचडी नाही असं निघालं तर पुढे काय? या शेवटच्या प्रश्नावर ते अडखळले, तर समजून जा.

बिलं मात्र आजच ऑटो-पेवर टाक. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.