इंग्रजी स्पेशल घेतलंस? मग गाईड बाजूला ठेव

स्पेशलला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, इंग्रजी घेतलंस, छान केलंस. आता एक ऐक: पहिल्या वर्षी गाईडला हात लावू नकोस. मूळ नाटक घे, रोज दोनच पानं, पण मोठ्याने वाच. शेक्सपिअरच्या पद्यात ओळीला साधारण पाच आघात, म्हणजे जोर देऊन म्हणायच्या जागा, असतात. टेबलावर बोटाने ठेका धर, म्हणजे ओळ कुठे अडखळते ते कानाला कळेल. अनेकदा पात्राच्या मनातली घालमेल नेमकी तिथेच असते.

मी मराठी माध्यमातली. पहिलं सेमिस्टर वर्गात तोंडच उघडलं नाही, त्याची हळहळ अजून आहे. उच्चार चुकला तर चुकू दे, प्रश्न विचार.

आणि मराठी मुळीच सोडू नकोस. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे हे कवी दोन्ही भाषांत लिहीत. चित्र्यांनी इंग्रजीत आणलेले तुकोबा मूळ अभंगाशेजारी ठेवून वाच. एकेका शब्दासाठी किती झुंजावं लागतं ते दिसेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्तीही उघडून बघ, फार श्रीमंत पुस्तक आहे.

नेट-सेटचं, प्राध्यापक व्हायच्या त्या पात्रता परीक्षांचं, नंतर बघू. आज वाचलेल्या पानावर दोन ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिही आणि उद्या मॅडमना दाखव.