गोव्यात दत्तक आणि फॉस्टर कुटुंबांसोबत काम करायचं असेल, तर नेमकं काय शिकावं?

तुम्ही लिहिलंय की घर फोंड्यात, एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष, आणि पुढे याच कामात राहायचंय. कायदे वाचून झालेत, आता काय शिकू? मी उत्तर गोव्यात हे काम सतरा वर्षं करतेय.

कायदा आधी पुन्हा ताडून घ्या. २०१५च्या बाल न्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. फॉस्टर केअरची, म्हणजे मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळण्याची, नवी मार्गदर्शक तत्त्वं २०२४ची आहेत. आता लग्न न झालेली व्यक्तीही मूल सांभाळू शकते, आणि सांभाळलेलं ते मूल दत्तक घ्यायला जिथं पाच वर्षं थांबावं लागायचं तिथं दोन पुरतात. जुन्या नोट्सवरून एखाद्या बाईला चुकीचं सांगितलंत, तर ती उगाच तीन वर्षं झुरेल. गोव्यात आणखी एक गोष्ट येते. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाची सोयच नव्हती, त्यामुळे ख्रिस्ती घरांतले काही वडीलधारे अजून म्हणतात, घेतलेल्या मुलाला वाटा नाही. बाल न्याय कायद्याखाली दत्तक आलेलं मूल पोटच्या मुलाइतकंच वारस असतं. हे त्यांना घरी बसून, सावकाश सांगता आलं पाहिजे.

एवढं झालं की कुणा जुन्या कार्यकर्तीबरोबर होम स्टडीला, म्हणजे मूल घेऊ पाहणाऱ्या घराच्या पाहणीला, जा. घराच्या फरशा बघू नका. मुलाला रात्री ताप आला तर उशाशी कोण बसणार, ते विचारा. बाबा तारवटी म्हणजे खलाशी असले, आठ-आठ महिने बोटीवर असले, तर प्रत्येक निरोप त्या मुलाला कसा वाटेल, यावर बोला. आजीला वेगळं भेटा. आजी राजी नसेल तर बाकीच्यांच्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही.

मी हे चूक करूनच शिकले. तेव्हा प्रशिक्षण म्हणून मला पहिल्या दिवशी फाइलींचा गठ्ठा मिळाला होता. सात वर्षांची एक मुलगी संस्थेतून नव्या घरी गेली. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आलेला उंडो (गोल पाव) ती अर्धा खायची आणि उरलेला उशीच्या अभ्र्यात ठेवायची. मुंग्या झाल्या तेव्हा आईला कळलं. तिचा फोन आला, “आम्ही हिला उपाशी ठेवतो का हो?” मी म्हटलं, “सवय आहे, जाईल. लक्ष देऊ नका.” आई रोज रात्री उशी तपासायला लागली, रागवायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मुलगी बोलायची थांबली.

माझ्याहून थोरली एक सहकारी माझ्याबरोबर आली. तिनं आईकडे झाकणाचा स्टीलचा डबा मागितला, त्यात बिस्किटं आणि एक उंडो घातला, मुलीचं नाव लिहून मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवला. “हा तुझा. रात्रीसुद्धा उघडायचा. संपला की आई भरेल, विचारायचं नाही.” आईला ती पडवीत घेऊन गेली आणि एवढंच म्हणाली, “पोर तुमच्यावर रागावलेली नाही. उद्या मिळेल की नाही, याचा तिला भरवसा नाही.” चार महिने मुलगी निजण्याआधी झाकण उघडून बघायची. पुढे त्या डब्यात चिंचोके दिसायला लागले.

माझ्या मते शिकायचं ते हेच, आणि ते आदेश हातात पडल्यानंतरच्या दिवसांत शिकता येतं. दत्तक मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करायचा असतो. म्हणजे चार भेटी. त्यातल्या पहिल्या भेटीला सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसतात आणि तुम्हाला काही कळत नाही. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून फॉस्टर मुलासाठी महिन्याला चार हजार रुपये मिळतात, ते हवेतच. पण रात्री दहा वाजता फोन उचलणारं माणूसही हवं. आधी दत्तक घेतलेल्या एखाद्या आईची नव्या आईशी गाठ घालून द्या. माझ्या दहा भेटींनी जे झालं नाही, ते त्यांच्या एका दुपारच्या गप्पांत झालेलं मी पाहिलंय.

आणि टिकून राहा. जागा बहुतेक कंत्राटी असतात, माणसं वर्षा-दोन वर्षांत बदलतात, आणि मुलाला ते आणखी एक सोडून जाणं वाटतं. नोकरी सोडावी लागली तर नव्या कार्यकर्तीला स्वतः त्या घरी घेऊन जा, मुलासमोर निरोप घ्या. फक्त फाइल देऊन येऊ नका.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी तर जरूर जा. वाडवडिलांच्या घरी सगळं कुटुंब जमतं आणि पहिला प्रश्न येतो, “तूं कोणाचें गो?” दत्तक मुलीला निदान आडनाव तरी असतं, फॉस्टर मुलीची आई हयात असते, कधीकधी भेटायलाही येते, ती काय सांगणार? एका घरी आम्ही आठवडाभर आधी बसून हे बोललो. वडील म्हणाले, “आमची म्हण.” मुलीला ते पटलं नाही, आणि आम्ही तिच्यावर सोडलं. चवथीला एका मावशीनं विचारलंच. पोरीनं सांगितलं, “म्हजी आवय म्हापशां आसा, हांव हांगा रावतां,” (माझी आई म्हापशात आहे, मी इथं राहते) आणि माटोळीला, गणपतीवरच्या फळांच्या मांडवीला, बांधायचं चिबूड घेऊन आजोबांकडे गेली.