आईचे ठसे उमटत नाहीत, आणि नागरिकत्वाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षं झाली. आधी ती टेक्सासमध्ये बहिणीकडे राहायची, गेली साडेतीन वर्षं इथे न्यू जर्सीत, एडिसनला आमच्याकडे आहे. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जासाठी तिच्या बोटांचे ठसे दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा एफबीआयकडून नाकारले गेले. आता मुलाखतीचं पत्र आलंय. त्यात म्हटलंय की पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांची पत्रं घेऊन या. टेक्सासमधले पोलीस म्हणतात, ठसे दिल्याशिवाय दाखला नाही. ओळखीचे लोक सांगतात, डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून ठशांतून सूट घ्या. मुलाखत पुढे ढकलावी का? आई सारखी म्हणते, माझ्यामुळे सगळं अडलं.

उत्तर : आधी आईंना सांगा की त्यांच्यामुळे काहीही अडलेलं नाही. आयुष्यभर शेतात, धुण्याभांड्यांत, चुलीपाशी राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि वयानं कातडी पातळ होते. गावाकडे रेशनच्या दुकानात किंवा हयातीच्या दाखल्याच्या वेळी ‘अंगठा उठत नाही’ म्हणून परत पाठवलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तिथे निदान आधारसाठी डोळ्यांची बुबुळं तरी चालतात. इथे गुन्हेगारी नोंदींची तपासणी बोटांच्या ठशांवरूनच होते, त्यामुळे तो पर्याय नाही.

पण कायद्यानं या अडचणीची सोय करून ठेवली आहे. एफबीआयकडून पक्कं उत्तर आल्याशिवाय नागरिकत्वाची मुलाखत लावता येत नाही, असा फेडरल नियम आहे, आणि हे पक्कं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं : नोंद नाही, नोंद आहे, किंवा नीट घेतलेले ठसे दोनदा पाठवूनही वाचता आले नाहीत. तुमच्या आईंचं उत्तर तिसरं. म्हणजे हा संशयाचा शेरा नाही, तपासणीची एक मान्य अवस्था आहे. मुलाखतीचं पत्र आलं, याचाच अर्थ फाइल पुढे सरकली आहे. आता बोटांचं काम कागदांनी करायचं आहे.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटचा नाद सोडा. ठशांतून सूट असते, पण ती ठसे घेणाऱ्या केंद्रातला जबाबदार अधिकारी अर्जदाराला समोर पाहून ठरवतो. वैद्यकीय कारणामुळे एकही वाचता येण्याजोगा ठसा देणं शक्य नसेल तरच ती मिळते. ठसे अस्पष्ट येतात, किंवा बोटं दहापेक्षा कमी आहेत, एवढ्यावर मिळत नाही, आणि नकाराविरुद्ध अपीलही नसतं. शिवाय सूट मिळाली असती तरी पोलिसांची पत्रं आणावी लागलीच असती! तेव्हा त्या वाटेनं जाऊन तुमच्या हाती काही येणार नव्हतं. काही जण यासाठी एन-६४८ हा फॉर्म भरायला सुचवतात. तो इंग्रजी आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेतून वैद्यकीय कारणानं सवलत मागण्यासाठी आहे, ठशांशी त्याचा संबंध नाही.

आता पत्रांकडे वळू, कारण तुमचे तीन आठवडे त्यांतच जाणार आहेत. पाच वर्षं मुलाखतीपासून मागे मोजू नका. अर्ज दाखल केलेल्या तारखेपासून पाच वर्षं मागे जा, आणि तिथून आजपर्यंतचा सगळा काळ पत्रांनी झाकला गेला पाहिजे. अर्जात लिहिलेले पत्ते आणि तारखा समोर ठेवा. टेक्सासचं पत्र जिथे संपतं तिथून एडिसनचं सुरू झालं पाहिजे, मध्ये महिनाभराचीही फट नको. बहिणीचं घर शहराच्या हद्दीबाहेर असेल तर शहर पोलीस नव्हे, काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, शेरीफ ऑफिस (जिल्हा पोलीस) गाठावं लागेल.

टेक्सासच्या पोलिसांनी ठसे मागितले, कारण ‘क्लिअरन्स’ (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) म्हटलं की काउंटरवरच्या माणसाला ठशांची ठरलेली प्रक्रियाच आठवते. बहिणीला पुन्हा तिथल्या रेकॉर्ड विभागात पाठवा. मुलाखतीच्या पत्राची प्रत बरोबर द्या आणि तिला स्पष्ट सांगू द्या : नाव आणि जन्मतारखेवरून तुमच्या नोंदी तपासा आणि काही सापडलं नाही असं खात्याच्या लेटरहेडवर लिहून द्या. आईंची सही असलेलं संमतिपत्र आणि पासपोर्ट, ग्रीन कार्डच्या प्रती लागतील. ती नोटराइज केलेली हवीत का, हे आधी फोनवर विचारा. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या काळाची तपासणी केली, अधिकाऱ्याची सही आणि तारीख असायला हवी. राज्य पातळीवरचा दाखला बऱ्याच ठिकाणी ठशांवरूनच निघतो, आणि एफबीआयकडून स्वतःची नोंद मागवायलाही ठसेच लागतात. त्या दारांवर वेळ घालवू नका. स्थानिक खात्यानं तरीही नकार दिला तर तो नकार लेखी घ्या, निदान ईमेलवर, आणि त्या काउंटीच्या कोर्ट क्लार्ककडून नावावरून केलेल्या शोधाचा कागद मिळवा. प्रयत्न केल्याचा पुरावा अधिकाऱ्यासमोर ठेवता येतो. नुसतं ‘मिळालं नाही’ म्हणून भागत नाही.

आपल्या घरांत हमखास अडचण होते ती नावांची. तुमच्या आईंच्या पिढीत लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, मध्ये कधी वडिलांचं नाव तर कधी नवऱ्याचं. ठसे असते तर ओळख त्यांवरून पटली असती. आता सगळी भिस्त नावावर आहे, म्हणून पोलिसांना दिलेल्या अर्जात आईंची आजवरची सगळी नावं लिहा आणि ती सगळी तपासल्याचा उल्लेख पत्रात मागा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात माहेरचं नाव राहून गेलं असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच आईंनी स्वतः सांगून ते दुरुस्त करून घ्यावं. ही दुरुस्ती रोजच्या रोज होते, तिचं दडपण नको.

भारतात नातेवाइकांकडे महिना-दोन महिने राहणं म्हणजे तिथे वास्तव्य नव्हे, त्यासाठी पत्र लागत नाही. मात्र या काळात त्या सलग सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिल्या असतील तर मला वेगळं कळवा. तिथे अडचण पोलिसांच्या दाखल्याची नसते, अखंड वास्तव्याची असते, आणि ती कितीतरी गंभीर आहे.

मुलाखत पुढे ढकलू नका. एखादं पत्र तोवर आलं नाही तरी जा. जे आहे ते द्या, उरलेल्यासाठी केलेल्या अर्जाची पोच दाखवा. अधिकारी सहसा राहिलेल्या कागदांची लेखी मागणी हातात देतो आणि मुदत घालून देतो. न कळवता गैरहजर राहणं मात्र सर्वात घातक, त्यानं अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. मूळ पत्रं द्यावी लागतील आणि ती फाइलमध्येच राहतात, म्हणून आधी प्रती काढून ठेवा. ठसे घेतल्यावर केंद्रानं शिक्का मारून परत दिलेल्या दोन्ही नोटिसाही न्या. आई दोन्ही वेळा हजर होत्या, याचा तोच पुरावा आहे.

ठसे नसल्यामुळे मुलाखतीत आईंकडून शपथेवर जबाब घेतला जाईल : कधी अटक झाली का, पोलिसांनी ताब्यात घेतलं का, समन्स किंवा दंडाची पावती मिळाली का. हे प्रश्न घरी मराठीत समजावून द्या, मगच इंग्रजीतून सराव घ्या. सरळ बाई ‘अटक’ हा शब्द ऐकूनच गोंधळते आणि घाईत भलतंच उत्तर देऊन बसते, म्हणून हे सांगतो. दुकानातला गैरसमज, शेजाऱ्याशी वाद, काहीही असेल आणि पोलीस आले असतील तर ते आत्ताच मला सांगा. जुनं प्रकरण मिटलेलं असलं तरी सांगायचं असतं. लपवलेली क्षुल्लक गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा जास्त नुकसान करते.

ज्यांच्या घरी अजून ठसे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी एवढंच : आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हातांना क्रीम लावा, भांडी हातमोजे घालून घासा, ब्लीच टाळा, बोटांच्या टोकांना मेंदी नको. केंद्रात जाताना हात धुऊन कोरडे आणि उबदार ठेवा. बोटाला ताजी जखम असेल तर तारीख वेळेआधी ऑनलाइन बदलून घ्या. काही केमोथेरपीच्या गोळ्यांनी, विशेषतः कॅपेसिटाबिननं, ठसे पुसट होतात. असं औषध चालू असेल तर ठसे घेणाऱ्याला आधीच सांगा.

मुलाखतीच्या तारखेपासून १२० दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला तर फेडरल कोर्टात दाद मागता येते. कागद अपुरे म्हणून अर्ज फेटाळला गेलाच, तर एन-३३६ हा फॉर्म भरून ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. पण आज बहिणीला फोन करा. टेक्सासचं पत्र टपालानं यायचं आहे, तेव्हा पहिला अर्ज तिथेच जाऊ दे. एडिसनच्या रेकॉर्ड विभागात तुम्ही उद्या सकाळी आईंना घेऊन स्वतः जाऊ शकता.