आधी मोहिमा बांध, मंडप मागून

भाऊ, आपल्या मेळाव्याला परदेशी रोव्हर, म्हणजे स्काउटमधली तरुण मंडळी, येणार म्हणून तू स्टेज, मंडप, फ्लेक्सच्या मागं लागलास. ते शेवटच्या आठवड्यातही होते. आधी मोहिमा बांध. वर्ल्ड स्काउट मूटची, म्हणजे या मंडळींच्या जागतिक मेळाव्याची, रीतच तशी: वेगवेगळ्या देशांचे १८ ते २५ वयाचे पोट्टे-पोट्ट्या एका पथकात टाकायचे, काही दिवस मोहिमेवर धाडायचे, मग सगळ्यांना मोठ्या तळावर आणायचं. ओळख चालतानाच होते.

तारीख डिसेंबर-जानेवारीचीच धर. मे महिन्यातलं ऊन त्यांना झेपणार नाही, आपल्याला तरी कुठं झेपते! चिखलदरा मात्र हजार मीटरहून उंच, रात्री हुडहुडी भरते. जादा ब्लँकेटं ठेव. एक पथक गाविलगडावर, एक वरुडकडं संत्र्याच्या बगीच्यात, एक कापूस वेचणाऱ्या गावात. मेळघाटात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नको.

परदेशी पाहुण्याला मुक्कामाला ठेवणाऱ्यानं २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवायची असते; याला आधी ‘फॉर्म सी’ म्हणत. जंगलालगतच्या गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून हे काम तालुक्याला बसलेल्या एकाच माणसाकडं दे.

पाणी उकळूनच. संडासाचे खड्डे विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तेव्हा तंबूची चेन कायम बंद आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे. हे इंग्रजीत छापून प्रत्येक तंबूला अडकव.

जेवणात पिठलं-भाकर खुशाल ठेव. ठेचा वेगळ्या वाटीत, आणि वाढायला आपला गावचा काका नको. तो आग्रह केल्याशिवाय राहत नाही.