लेकराचं पोटच भरत नाही मॅडम

मागं परभणीकडची एक माय लेकराला घेऊन आली (ओळख पटंल असं सगळं बदललंय). पोरगं आठ वर्षाचं, वर्गात सगळ्यात उंच आन् वजन ५० च्या पुढं. दोन भाकरी खाऊन उठलं की अर्ध्या तासात परत डब्यात हात, रात्री उठून शेंगदाण्याची बरणी रिकामी, म्हणून घरात कपाटाला कुलूप आन् पोराला मार. सासूबाईंचं एकच, सुनंनं लाडावलं. तिनं जे विचारलं ते बऱ्याच आया विचारतात, "माझं चुकलं का मॅडम, का रक्तातच हाय? आन् रक्तात असंल तर डाएट करून तरी काय उपयोग?"

मला खटकलं ते हे की वजन पोरगं दोन वर्षाचं व्हायच्या आतच सुटलं होतं, आता एवढंसं लेकरू काय वडापाव आन् मोबाईलनं लठ्ठ होतंय का! हार्मोनच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी जीन टेस्ट करायला लावली, एमसीफोरआर (MC4R) नावाच्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवर बसून निरोप घेणाऱ्या प्रोटीनच्या, जीनमधी बिघाड निघाला.

म्हणजे कसं, चरबीतून निघणारं लेप्टिन नावाचं हार्मोन मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला, हायपोथॅलॅमसला, कळवतं की साठा पुरेसा हाय, तो निरोप पुढं ह्या रिसेप्टरवर पोचला की भूक थांबते, टाकी भरली की फ्लोटनं मोटार बंद व्हावी तसं. बिघाडात पुष्कळदा रिसेप्टरची घडीच चुकीची पडते, तो पेशीच्या आतच अडकतो, वर येतच नाही, मग निरोप घेणार कोण? ह्या जीनच्या बिघाडानं लठ्ठपणा येतो हे १९९८ साली फ्रान्स आन् इंग्लंडच्या टीमनी वेगवेगळं दाखवलं. जीनच्या दोन प्रतींतली एकच खराब असली तरी पुरतं, आईकडून येवो का बापाकडून. इथं बापाकडून आलेली निघाली. सासूबाई गप्प झाल्या, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं.

पण म्हणून प्रत्येक जाड पोराची टेस्ट करायला धावू नका, महागडी असते. केंब्रिजच्या २००३ च्या अभ्यासात लहानपणापासून अति लठ्ठ असलेली ५०० जणं तपासली तर त्यात सुद्धा ५.८ टक्क्यांतच हा बिघाड सापडला.

आता उपयोगाचं. ह्याच साखळीतल्या दुसऱ्या काही बिघाडांसाठी अमेरिकेत २०२० ला सेटमेलॅनोटाईड हे इंजेक्शन मंजूर झालं, ती मंजुरी एका प्रतीच्या ह्या बिघाडाला नाही. डाएटनं अशा पोरांचं वजन उतरतं पण टिकवणं लई अवघड जातं, म्हणून महिनाभराचा कोर्स कामाचा नाही, घरच बदलावं लागतं. मी सांगितलं, मार बंद, कारण भूक खरी हाय. फरसाण-बिस्किटं घरात आणायचीच नाहीत, कुणासाठीच नाही, मग कुलूप लावायचं तरी कशाला? जेवणाच्या वेळा ठरलेल्या, ताट एकदाच वाढायचं. वय वाढलं की ही भूक थोडी उतरते, हे ऐकून मायला रडूच फुटलं.

जाताना विचारलं, धाकटीची पण टेस्ट करू का? शक्यता निम्मी हाय हे खरं, पण तिचं वजन उंचीच्या मानानं नीट होतं. म्हणलं आत्ता नको, दर तीन महिन्याला अंगणवाडीत उंची-वजन घ्या आन् वहीत लिहून ठेवा, काटा वर पळायला लागला तर बघू.