नवीन चेतापेशींवर रिसेप्टरचा परिणाम: आधी पेशीचं वय विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: एनएमडीए रिसेप्टर (चेतापेशीवरचं, ग्लुटामेट या रसायनाचा संकेत घेणारं दार) औषधाने बंद केला की हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, नवीन चेतापेशी वाढतात असं एका ठिकाणी वाचलं, आणि हाच रिसेप्टर नसेल तर नवीन पेशी मरतात असं दुसऱ्या ठिकाणी. मग खरं काय? आणि एखादा रिसेप्टर चालू करणारी गोळी घेऊन न्यूरॉन वाढवता येतात का?

दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. 1995 मध्ये कॅमेरॉन, मॅकइवेन आणि गूल्ड यांनी उंदरांना एमके-801 हे एनएमडीए रोखणारं औषध दिलं, तेव्हा डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्या, नवीन पेशी जन्मणाऱ्या भागातलं पेशीविभाजन वाढलं. 2006 मध्ये ताशिरो आणि गेज यांच्या गटाने रेट्रोव्हायरस (विभाजन होत असलेल्या पेशीतच जनुक पोहोचवणारा विषाणू) वापरून फक्त नव्याने जन्मलेल्या पेशींमधून एनआर1 हा एनएमडीएचा अत्यावश्यक घटक काढून टाकला, तर त्या पेशी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोठ्या प्रमाणात मेल्या. पहिल्या प्रयोगात औषध सगळ्या मेंदूत पसरलं आणि मोजलं गेलं विभाजन. दुसऱ्यात रिसेप्टर एकेका तरुण पेशीतून गेला आणि मोजलं गेलं जगणं. विभाजन होत असलेल्या आद्यपेशींवर ग्लुटामेटचे सिनॅप्स (दोन पेशींमधले संकेताचे जोड) अजून तयारच झालेले नसतात, त्यामुळे एमके-801चा परिणाम त्यांच्यापर्यंत आजूबाजूच्या प्रौढ पेशींच्या जाळ्यामार्फत पोहोचतो असं मानणं जास्त सयुक्तिक आहे. उलट दोन-तीन आठवड्यांच्या पेशीला स्वतःचे सिनॅप्स मिळवायचे असतात, आणि ते टिकवायला एनएमडीए लागतो. शेजारच्या पेशींकडे रिसेप्टर आहे आणि हिच्याकडे नाही, अशी असमान स्पर्धा असली की ती हरते.

म्हणून या विषयातला कोणताही दावा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: रिसेप्टर कोणत्या पेशीवर, त्या पेशीचं वय किती, आणि मोजलं नेमकं काय. यातलं वय सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं.

वयाचा मुद्दा गाबा-ए रिसेप्टरवर सर्वात स्वच्छ दिसतो. गाबा म्हटलं की आपल्याला शांत करणारं रसायन आठवतं. प्रत्यक्षात गाबा-ए हे क्लोराइडचं दार आहे, आणि दार उघडल्यावर क्लोराइड आत येणार की बाहेर जाणार हे आत आधीच किती भरलं आहे यावर ठरतं. तरुण पेशीत एनकेसीसी1 हा पंप क्लोराइड आत ओढत राहतो. समजा आत 25 मिलीमोलर (तीव्रतेचं एकक) आणि बाहेर 125, तर शरीराच्या तापमानाला क्लोराइडचं समतोल विभव (ज्या विद्युतदाबाला त्याची ये-जा बरोबरीत येते) सुमारे -43 मिलिव्होल्ट येतं. पेशीचं विश्रांती विभव (शांत असतानाचा विद्युतदाब) याहून बरंच खाली असल्यामुळे दार उघडताच क्लोराइड बाहेर पडतो आणि पेशी उत्तेजित होते. पुढे केसीसी2 हा पंप कामाला लागतो, आतला क्लोराइड 7 मिलीमोलरच्या आसपास उतरतो, समतोल -77 वर जातं, आणि तोच गाबा आता पेशीला दाबू लागतो. रिसेप्टर तोच, रसायन तेच, परिणाम उलटा. उंदरांच्या डेंटेट गायरसमध्ये हा बदल पेशी जन्मल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत होतो.

हे उत्तेजन पेशीला आवश्यक असतं. 2006 मध्ये शाओयू गे, होंगजुन साँग आणि सहकाऱ्यांनी नव्या पेशींमधला एनकेसीसी1 कमी केला, म्हणजे गाबा वेळेआधीच दाबणारा झाला. त्या पेशींच्या शाखा आखूड राहिल्या आणि सिनॅप्स बनायला उशीर झाला. क्रमही लक्षात ठेवा: आधी आसपास पसरलेल्या गाबाचा सततचा मंद परिणाम, मग पहिल्या आठवड्याच्या सुमारास गाबाचे सिनॅप्स, त्यानंतर ग्लुटामेटचे. याच्याही मागे जा, थेट मूलपेशींपर्यंत (ज्यांपासून नव्या पेशी जन्मतात), तर चित्र पुन्हा वेगळं. 2012 मध्ये साँग यांच्याच गटाने दाखवलं की पार्वअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या इंटरन्यूरॉनमधून (आसपासच्या पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींमधून) येणारा गाबा, गॅमा-2 घटक असलेल्या रिसेप्टरमार्फत, मूलपेशीला निद्रिस्त ठेवतो. तो संकेत कमी झाला की त्या जाग्या होऊन विभाजू लागतात. म्हणजे गाबा-ए मूलपेशीला थांबवतो, तरुण पेशीला वाढवतो आणि प्रौढ पेशीला दाबतो. ‘गाबा वाढवला तर न्यूरॉन वाढतील का’ या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही.

ज्यांना हे स्वतः मोजायचं आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. साध्या होल-सेल पॅच क्लॅम्पमध्ये (काचेची बारीक नळी पेशीला लावून तिचा विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीत) त्या नळीतलं द्रावण पेशीत शिरतं आणि पेशीचा मूळ क्लोराइड पुसला जातो. मग दिसतं ते आपणच भरलेल्या द्रावणाचं समतोल विभव. इथे ग्रॅमिसिडिन हे पेशीच्या पडद्यात बारीक छिद्रं पाडणारं प्रतिजैविक वापरून परफोरेटेड पॅच करावा लागतो, कारण ग्रॅमिसिडिनची छिद्रं धन आयन जाऊ देतात, क्लोराइड नाही. प्रवेशरोध (नळी आणि पेशी यांच्यामधला विद्युतरोध) हळूहळू उतरतो, त्याला वेळ द्या. तो एकदम कोसळला तर पडदा फाटला समजा आणि ती नोंद टाकून द्या.

सेरोटोनिनबद्दल थोडक्यात. 2000 मध्ये मालबर्ग, डूमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्यविरोधी औषधं उंदरांना काही आठवडे दिली तरच नव्या पेशी वाढतात, एक-दोन दिवसांत नाही. 2003 मध्ये सांतारेली आणि हेन यांच्या गटाने 5-एचटी1ए हा सेरोटोनिनचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाचा परिणाम होत नाही हे दाखवलं. त्यावरून बरेच जण समजतात की हा रिसेप्टर मूलपेशीवर बसून तिला ढकलतो. 2015 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून जे आलं ते वेगळं होतं: प्रौढ ग्रॅन्युल पेशींवरचा (डेंटेट गायरसच्या मुख्य चेतापेशींवरचा) 5-एचटी1ए काढला तरी फ्लुओक्सेटिनचा परिणाम जातो. म्हणजे संदेश प्रौढ शेजाऱ्यामार्फत फिरून येतो. बीडीएनएफ या चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनाचा ट्रकबी रिसेप्टरही या साखळीत आहे, आणि काही नैराश्यविरोधी औषधं थेट ट्रकबीलाच चिकटतात असं 2021 मध्ये कास्त्रेन यांच्या गटाने मांडलं.

आता मोजणीकडे. निम्मे घोळ इथेच होतात. बीआरडीयू हा रेणू विभाजनाच्या वेळी डीएनएमध्ये शिरतो आणि टोचल्यानंतर साधारण दोन तासच उपलब्ध राहतो. औषध आधी देऊन मग बीआरडीयू टोचला आणि 2 ते 24 तासांत ऊती घेतल्या, तर विभाजन मोजलं जातं. बीआरडीयू आधी टोचून मग औषध सुरू केलं आणि 4 आठवडे थांबलं, तर जगणं मोजलं जातं. औषध दोन्ही काळात चालू ठेवलं तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही, आणि असे प्रयोग भरपूर आहेत. रंगवताना डीएनएचे धागे सुटे करावे लागतात: 2 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, 37 अंश सेल्सिअस, सुमारे 30 मिनिटं, मग 8.5 पीएचच्या बोरेट बफरमध्ये आम्ल मारायचं. आम्ल कमी पडलं तर बीआरडीयू दिसत नाही, जास्त झालं तर दुसऱ्या अँटिबॉडीचा रंग जातो. ईडीयू हा तशाच कामाचा दुसरा रेणू वापरला तर ही आम्लाची पायरी टळते. बीआरडीयू आणि न्यूएन (प्रौढ न्यूरॉनची खूण) एकाच पेशीत आहेत हे ठरवायला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर खोलीच्या सगळ्या पातळ्या बघा. न्यूरॉनला चिकटून बसलेली छोटी ग्लिया पेशी (न्यूरॉन नसलेली, आधार देणारी पेशी) वरून पाहिली की हमखास नवीन न्यूरॉन वाटते. शिवाय इंजेक्शनच्या ताणानेच विभाजन घटू शकतं, म्हणून फक्त सलाइन टोचलेला गट हवाच.

माणसात हे काहीच करता येत नाही. 1998 मध्ये एरिक्सन आणि गेज यांना पुरावा मिळाला तो कर्करोगाच्या तपासणीसाठी बीआरडीयू दिलेल्या रुग्णांच्या मृत्यूनंतरच्या ऊतींमधून. 2013 मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या कार्बन-14 वरून प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे 700 नवीन पेशी असा अंदाज काढला. 2018 मध्ये एका गटाला प्रौढांमध्ये जवळजवळ एकही सापडली नाही, त्याच वर्षी दुसऱ्याला भरपूर सापडल्या. 2019 च्या स्पॅनिश अभ्यासाने एक कारण पुढे आणलं: ऊती फिक्सेटिव्हमध्ये जास्त वेळ राहिल्या की डबलकॉर्टिन या तरुण पेशींच्या खुणेचा रंगच मावळतो. वाद अजून मिटलेला नाही.

त्यामुळे गोळीच्या प्रश्नाचं उत्तर: जिवंत माणसाच्या मेंदूत नवीन न्यूरॉन मोजण्याची कोणतीही पद्धत आज हातात नाही. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसचं आकारमान वाढलेलं दिसलं तर त्यामागे रक्तवाहिन्या, ग्लिया, शाखा, पाणी यांपैकी काहीही असू शकतं. ‘न्यूरोजेनेसिस वाढवते’ असं लिहिलेली बाटली समोर आली तर मोजलं कशात आणि कसं ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा पेशींच्या बशीत किंवा उंदरात, आणि तेही फक्त विभाजन, असं निघेल. डॉक्टरांनी दिलेलं नैराश्याचं किंवा झटक्यांचं औषध मात्र हे वाचून कमी-जास्त करू नका, कारण ती औषधं मुख्यतः आधीच असलेल्या प्रौढ पेशींवर काम करतात आणि ती अचानक थांबवण्याचे दुष्परिणाम लगेच दिसतात.