बारावी सायन्सनंतर समाजशास्त्र घेता येतं का? इंग्रजी कच्चं असेल तर?

हो, बी.ए.ला प्रवेश मिळतो, शाखा आड येत नाही. मुंबई-पुण्यात बी.ए.चे पेपर मराठीतून लिहिता येतात. वाचन मात्र बरंचसं इंग्रजीत. पहिल्या वर्षी मला एका पानाला तास लागायचा. समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत बसायचे. दिवाळीनंतर वेग आला.

खरा विषय कळला तो मंडईत. एका भाजीवाल्या मावशींनी पहाटेच्या उधारीचा हिशोब बोटांवर मांडून दाखवला, तेव्हा 'असंघटित क्षेत्र' (म्हणजे ठरलेला पगार, करार नसलेली कामं) हा शब्द डोक्यात शिरला. त्यामुळे क्षेत्रभेटी करवून घेणारं कॉलेजच निवडा, त्यात तडजोड नको.

पुढे एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा १९१९ सालचा समाजशास्त्र विभाग आहे. ग्रामीण प्रश्नांत रस असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र जरूर बघा.